लहान खोलीत सबवूफर एका सुरावर घुमतो आणि दुसऱ्यावर हरवतो, त्याची कारणे आणि उपाय

सबवूफर, म्हणजे केवळ खालचे सूर (बेस) वाजवणारा स्पीकर, घरी आल्यानंतरची तक्रार बहुतेक वेळा दोन शब्दांत सांगितली जाते: बेस घुमतो. थोडे खोदून विचारले की तिचा उरलेला अर्धा भाग बाहेर येतो. तंबोऱ्याचा खर्ज लागला की खोली हुंकारू लागते आणि कपाटाची काच थरथरते, पण त्याच खोलीत पखवाजाची थाप पोकळ लागते आणि बास गिटारचे दोनतीन सूर तर ऐकूच येत नाहीत. आवाज कमी केला तर हरवलेले सूर आणखी हरवतात, वाढवला तर घुमणारा सूर असह्य होतो. मग दोष सबवूफरवर ठेवून तो बदलला जातो, नवा काही आठवडे बरा वाटतो, आणि तीच तक्रार परत येते.

हा फेरा मी स्वतः दोनदा पूर्ण केला आहे. विलेपार्ल्यातील माझी ऐकण्याची खोली ३.६ मीटर लांब, २.६५ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच आहे, म्हणजे सुमारे शंभर चौरस फुटांची. मुंबईच्या फ्लॅटमध्ये मुलांची खोली म्हणून दिली जाते तशी. पहिला सबवूफर बारा इंची, पोर्ट (पेटीतील हवेला वाट देणारे भोक) असलेला होता. तो घुमतो म्हणून वर पैसे भरून त्याच्या बदल्यात बंद पेटीचा, अधिक महागडा घेतला. तोही घुमला. दोन्ही सबवूफर नेमक्या कोणत्या सुरावर घुमतात हे मी जेव्हा कागदावर लिहून काढले, तेव्हा दोन्ही वेळा सूर एकच निघाला. पेटी, शंकू (आवाज काढणारा हलता पडदा) आणि अ‍ॅम्प्लिफायर बदलूनही जो सूर बदलला नाही, तो सबवूफरचा नव्हता. तो खोलीचा होता.

खोलीचा सूर कसा काढावा

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीच्या अर्ध्या तरंगलांबीएवढे अंतर असले की तो ध्वनी त्या दोघींच्या मध्ये अडकून स्थायी तरंग तयार होतो. ध्वनीचा वेग सुमारे २५ अंश तापमानाला सेकंदाला ३४६ मीटर असतो, म्हणून १७३ या संख्येला भिंतींमधील मीटरमधल्या अंतराने भागले की त्या दिशेचा सर्वांत खालचा अनुनाद, म्हणजे खोली ज्या सुरावर आपोआप घुमते तो आकडा, हर्ट्झमध्ये मिळतो. माझ्या खोलीसाठी लांबीचा अनुनाद ४८ हर्ट्झ, रुंदीचा ६५ आणि उंचीचा ६४ येतो. शेवटचे दोन आकडे पुन्हा पाहावेत. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे दोन अनुनाद एकमेकांवर बसले आहेत, आणि मुंबईतल्या लहान खोल्यांमध्ये ही परिस्थिती फार वेळा आढळते, कारण छत नऊ फुटांच्या आसपास असते आणि खोलीची एक बाजूही तेवढीच असते. त्यातच लांबी आणि रुंदी, तसेच लांबी आणि उंची यांचे मिळून होणारे अनुनाद ८० हर्ट्झच्या आसपास पडतात, म्हणजे बहुतेक जण जिथे क्रॉसओव्हर (स्पीकर आणि सबवूफर यांच्यात सूर वाटून देणारी गाळणी) लावतात नेमके तिथे.

आता हे ६५ हर्ट्झ संगीतात कुठे भेटते ते पाहू. पुरुष गायकाची पट्टी, म्हणजे त्याच्या षड्जाची जागा, पांढरी एक असेल, तर त्याचा मध्य षड्ज सुमारे १३१ हर्ट्झवर आणि तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६५.४ हर्ट्झवर असते. म्हणजे माझ्या खोलीचा अनुनाद आणि पांढरी एकचा खर्ज हे जवळजवळ एकच आहेत. गायकाने काळी एक घेतली की खर्ज ६९.३ हर्ट्झवर जातो आणि खोलीच्या तावडीतून बराचसा सुटतो. एकाच प्रतीची दोन ध्वनिमुद्रणे असून एक खोलीत घुमते आणि दुसरे स्वच्छ वाजते, याचे मला कित्येक महिने कोडे होते. दोन गायकांच्या पट्टीत अर्ध्या स्वराचा फरक होता, एवढेच त्याचे उत्तर आहे.

त्यामुळे तक्रार आली की पहिली चाचणी मी हीच सुचवतो. फोनवरील इलेक्ट्रॉनिक तंबोरा प्रणालीला जोडून पट्टी पांढरी एकपासून काळी दोनपर्यंत एकेका घराने वर न्यावी आणि तारेच्या झणत्काराकडे दुर्लक्ष करून केवळ तळाचा हुंकार ऐकावा. एखाद्या पट्टीत तो अचानक फुगला आणि शेजारच्या पट्टीत बसला, तर दोष खोलीचा आहे. काही तंबोरा ॲपमध्ये खर्जाचा मूळ स्वर क्षीण असतो, म्हणून पाठोपाठ साधा शुद्ध स्वर देणारे ॲप घेऊन ४० ते १०० हर्ट्झपर्यंत एकेक हर्ट्झने, बेताच्या आवाजात वर जावे आणि फुगणारे व हरवणारे आकडे वहीत टिपावेत. तबला ऐकणाऱ्यांना आणखी एक खूण सापडते. डग्ग्यावर मनगटाचा दाब देत काढलेली मींड सलग वर सरकायला हवी. ती मध्येच एका जागी फुगून पुन्हा लहान झाली, तर वादकाचा हात तिथे जड झालेला नसतो, खोली बोललेली असते.

ज्यांना कानावर विसंबायचे नाही त्यांनी रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि मिनीडीएसपीचा युमिक-१ यासारखा, स्वतःची दुरुस्ती-फाइल सोबत येणारा यूएसबी मायक्रोफोन वापरावा. आलेखातील शिखरे आणि दऱ्या पाहून झाल्यावर त्याच सॉफ्टवेअरमधील धबधब्यासारखा दिसणारा आलेखही काढावा, कारण कोणता सूर मोठा आहे यापेक्षा कोणता सूर थांबायला वेळ लावतो हे तिथे दिसते, आणि घुमणे म्हणून आपण जे ऐकतो ते मुख्यतः हे रेंगाळणेच असते.

आधी स्वतः कुठे बसतो ते पाहावे

स्थायी तरंगाचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक आणि मधोमध जवळजवळ शून्य असतो. या एका गोष्टीतून निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर खुर्ची असेल तर माझ्या खोलीत ४८ हर्ट्झ नाहीसा होतो, आणि कितीही मोठा सबवूफर आणला तरी तो परत येत नाही. दिवाण मागच्या भिंतीला टेकवून त्यावर बसले, तर तोच ४८ हर्ट्झ पूर्ण जोराने अंगावर येतो. मुंबईत दिवाण भिंतीलाच लागलेला असतो, कारण दुसरीकडे जागा नसते, आणि म्हणूनच घुमण्याची तक्रार इतकी सार्वत्रिक आहे. डोके भिंतीपासून ६०-७० सेंटिमीटर पुढे आणले तरी फरक कळतो. मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या सुमारे ३८ टक्के अंतर ही सुरुवातीला बरी जागा आहे, परंतु तिला नियम समजू नये, कारण प्रत्येक खोलीत दार, खिडकी आणि कपाट आपापले फेरफार करतात.

माझी चूक रुंदीच्या दिशेने होती. दार उघडताना खुर्चीला लागत असे, म्हणून मी ती डाव्या भिंतीकडे सरकवून ठेवली होती, भिंतीपासून जेमतेम ६० सेंटिमीटरवर. तिथे रुंदीच्या अनुनादाचा दाब भिंतीजवळच्या दाबाच्या तीन चतुर्थांश असतो. खुर्ची रुंदीच्या मध्यावर आणली की तोच दाब शून्याजवळ जातो. मी शेवटी दाराची बिजागरे दुसऱ्या बाजूला बसवून घेतली, आणि सुताराला दिलेले ते पैसे माझ्या संपूर्ण प्रणालीतील सर्वांत सार्थकी लागलेले पैसे आहेत असे मी आजही मानतो.

उंचीचा विचार सहसा कोणी करत नाही, पण भारतीय बैठकीत तो करावाच लागतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सुमारे १.०५ मीटरवर असतो, तर गादीवर मांडी घालून बसलेल्याचा सुमारे ७५ सेंटिमीटरवर. २.७ मीटर उंचीच्या खोलीत पहिली जागा उंचीच्या अनुनादाच्या शून्यबिंदूजवळ आहे आणि दुसरी त्यापासून बरीच दूर, त्यामुळे केवळ खुर्चीवरून गादीवर आल्याने ६४ हर्ट्झ गणिताने सुमारे ५ डेसिबल वाढतो. मित्र जमून गादीवर बैठक घातली की बेस बिघडतो आणि एकटे असताना खुर्चीवर ठीक वाटतो, अशी तक्रार असेल तर तिचे कारण बहुधा हेच असते.

मग सबवूफरची जागा

सबवूफर कोपऱ्यात ठेवावा हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. कोपऱ्यात तीन पृष्ठभाग एकत्र येतात, आवाज मोठा होतो आणि ग्राहक खूश होतो. परंतु कोपरा ही अशी जागा आहे जिथे खोलीचा प्रत्येक अनुनाद कमाल जोराने जागा होतो. शंभर चौरस फुटांच्या खोलीत मोठ्या आवाजाची उणीव कधीच नसते, उणीव असते सारखेपणाची, म्हणून माझ्या मते अशा खोलीत कोपरा शेवटचा पर्याय असावा.

जो नियम बैठकीला, तोच सबवूफरला लागू होतो. स्थायी तरंगाच्या शून्यबिंदूवर सबवूफर ठेवला तर तो तरंग त्याला जागाच करता येत नाही. समोरच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर, दोन स्पीकरच्या मधोमध, सबवूफर आणल्यावर माझ्या खोलीतील रुंदीचा ६५ हर्ट्झचा अनुनाद जवळजवळ मावळला, आणि लांबी व रुंदीचा मिळून होणारा ८१ हर्ट्झचाही. उंचीचा ६४ हर्ट्झ उरला, कारण सबवूफर जमिनीवर आहे आणि जमीन ही त्या तरंगाची भिंतच आहे, पण खुर्चीवर बसल्यावर तो फारसा ऐकू येत नाही हे वर सांगितलेच आहे. पांढरी एकचा खर्ज त्या दिवशी मी पहिल्यांदा खर्जासारखा ऐकला, आणि तंबोऱ्याच्या चार तारा एकमेकींत मिसळून एक झाल्या.

जागा शोधण्याची दुसरी रीत कष्टाची आहे, पण ती हुकत नाही. सबवूफर ऐकण्याच्या खुर्चीवर किंवा शक्य तितका तिच्याजवळ ठेवावा, बेसची चाल असलेले ओळखीचे ध्वनिमुद्रण लावावे, आणि आपण खोलीच्या कडेकडेने जमिनीवर रांगत, कान जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवून, कुठे सर्व सूर सारखे ऐकू येतात ते शोधावे. ध्वनीचा स्रोत आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी त्यांच्यातील संबंध तोच राहतो, त्यामुळे जिथे बेस चांगला ऐकू आला तिथे सबवूफर ठेवला की तो खुर्चीवरही तसाच ऐकू येतो. वीस किलोची पेटी खुर्चीवर चढवताना दुसऱ्या माणसाची मदत घ्यावी आणि खुर्ची भक्कम असावी.

दोन सबवूफर घेणे ही चैन वाटते, पण लहान खोलीत त्यामागे सबळ कारण आहे. हरमन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ साली ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात आयताकृती खोलीत किती आणि कुठे ठेवलेले सबवूफर पुरेसे होतात याचा अभ्यास केला होता, आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर ही त्यातून पुढे आलेली अतिशय व्यवहार्य मांडणी आहे. लांबीच्या पहिल्या अनुनादात खोलीच्या दोन टोकांचे दाब नेहमी परस्परविरुद्ध असतात, म्हणून दोन टोकांना एकाच तालात हलणारे दोन सबवूफर त्या तरंगाला दोन विरुद्ध दिशांनी ढकलतात आणि तो उभाच राहत नाही. त्यामुळे ४८ हर्ट्झचे शिखर जाते आणि मध्यावरची दरीही जाते. एका बारा इंचीच्या किमतीत दोन लहान, बंद पेटीचे सबवूफर मिळत असतील तर मी विचार न करता दोन लहान घेईन.

क्रॉसओव्हर आणि फेज

जागा बरोबर असूनही स्पीकर आणि सबवूफर यांच्या सांध्यावर, म्हणजे साधारण ७० ते १०० हर्ट्झच्या टापूत, खड्डा पडत असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली गोष्ट क्रॉसओव्हरची. रिसीव्हरमधील (होम थिएटरच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील) क्रॉसओव्हर चालू असताना सबवूफरच्या पाठीवरचा क्रॉसओव्हरही ८० वर ठेवलेला असेल, तर दोन गाळण्या एकामागून एक लागतात. अशा वेळी सबवूफरवरचे बटण कमाल आकड्यावर फिरवावे किंवा सबवूफरची स्वतःची गाळणी टाळणारे एलएफई हे इनपुट वापरावे. साध्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा ही गाळणी नसते, तिथे सबवूफरवरचेच बटण खरे, आणि ते लहान स्पीकर जिथे थकतात त्याच्या किंचित वर ठेवावे. साडेपाच इंची वूफरच्या बुकशेल्फ स्पीकरसाठी ६० ते ८० यांमधील आकड्याने सुरुवात करता येते. १०० च्या वर गेले की बेस कोणत्या दिशेने येतो हे कानाला कळू लागते आणि गायकाचा आवाजही जमिनीकडे ओढला जातो.

दुसरी गोष्ट फेजची, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांचे तरंग एका तालात जुळण्याची. क्रॉसओव्हरच्या आकड्यावरचा शुद्ध स्वर लावून खुर्चीवर बसावे आणि दुसऱ्या कोणाला तरी फेजचे बटण फिरवायला सांगावे. आवाज मोठा केव्हा होतो हे ओळखणे कानाला अवघड जाते, पण तो केव्हा नाहीसा होतो हे चटकन कळते, म्हणून आधी सबवूफरची फेज १८० अंशांनी उलटी करून आवाज किमान होईल अशी जागा शोधावी आणि ती सापडली की उलटी केलेली फेज परत सरळ करावी. नेमक्या त्या आकड्यावर खोलीचा अनुनाद असेल, जसा माझ्याकडे ८० वर आहे, तर ७५ आणि ८५ अशा दोन आकड्यांवर ही चाचणी करून मधला मार्ग काढावा. रिसीव्हरमध्ये अंतराचा आकडा भरायचा असेल तर तो फीतमापाशी जुळला नाही म्हणून घाबरू नये. सबवूफरमधील गाळण्या आणि डिजिटल प्रक्रिया ध्वनीला थोडा उशीर करतात, आणि रिसीव्हर तो उशीर वाढीव अंतराच्या रूपाने दाखवतो.

तिसरी गोष्ट पातळीची. सबवूफर बंद केल्यावर संगीत पातळ वाटावे आणि चालू असताना तो चालू आहे याची जाणीव होऊ नये. खालच्या स्वरांत दोनतीन डेसिबलचा बदलही कानाला मोठा वाटतो, त्यामुळे बटण अगदी थोडे फिरवून एक दिवस ऐकावे आणि मगच पुढचे ठरवावे.

ईक्यू आणि फोम

जागा, बैठक आणि फेज हे सर्व झाल्यानंतर उरलेल्या एकदोन शिखरांना ईक्यूने, म्हणजे ठरावीक सुरांची पातळी कमीजास्त करणाऱ्या सोयीने, खाली आणणे योग्य आहे, आणि त्याने रेंगाळणेही कमी होते. दरी मात्र ईक्यूने भरू नये. दरीत ध्वनी स्वतःलाच छेदत असतो, तिथे जेवढे ओतावे तेवढे वाया जाते, आणि १० डेसिबल वाढवायचे म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून दहापट शक्ती मागायची. अशाने सबवूफरचा शंकू आपटू लागतो आणि दरी होती तिथेच राहते.

भिंतीवर चिकटवायचा इंच-दीड इंची फोम या तक्रारीवर काहीही करत नाही. ६५ हर्ट्झची तरंगलांबी ५.३ मीटर आहे, आणि सच्छिद्र पदार्थ तरंगलांबीच्या एक चतुर्थांशाच्या आसपास जाड असेल किंवा भिंतीपासून तेवढा दूर असेल तरच पुरता कामी येतो, म्हणजे इथे तब्बल १.३ मीटर. त्या फोमने वरचे स्वर मात्र शोषले जातात, खोली निस्तेज होते आणि त्या तुलनेत बेस आणखी जड वाटतो. उलट उघडी खिडकी खालच्या स्वरांना खरीखुरी वाट करून देते. उन्हाळ्यात ठीक वाटणारी प्रणाली जूनमध्ये अचानक घुमू लागते, कारण पावसामुळे सरकत्या खिडक्या बंद होतात. तापमानाचा या बाबतीत संबंध नगण्य आहे, त्याने अनुनाद एखाद्या हर्ट्झनेच सरकतो. म्हणून मोजणी आणि मांडणी नेहमी खिडक्या-दारे बंद ठेवून करावी, जेणेकरून सर्वांत कठीण परिस्थिती आधीच हाताळलेली असेल.

कधीकधी घुमणे वाटते ते प्रत्यक्षात कुरकुर असते. लोखंडी कपाटाचे दार, खिडकीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, छतातील पीओपीची फळी, ट्यूबलाइटची पट्टी, भिंतीवरचा आरसा यांतील काहीतरी थरथरते आणि दोष सबवूफरला लागतो. शुद्ध स्वर हळूहळू वर नेत खोलीत फिरावे, हात लावताच आवाज थांबला की गुन्हेगार सापडला. कपाटाच्या दारात फेल्टचा तुकडा बसवणे पुरते.

संगीत बंद असतानाची गुणगुण

आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, आणि माझ्यासारख्या ३.६ मीटर लांबीच्या खोलीचा अनुनाद ४८ वर असतो. त्यामुळे तारांतून आलेली अगदी लहानशी गुणगुणही मागच्या भिंतीपाशी मोठी ऐकू येते आणि खोलीच्या मध्यावर नाहीशी होते, आणि माणूस गोंधळतो. आधी सबवूफरची सिग्नल केबल काढून पाहावी. गुणगुण थांबली तर ती बाहेरून येते आहे. मग केबल टीव्हीची जाड तार सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहावी, कारण ती इमारतीच्या दुसऱ्या ठिकाणच्या अर्थिंगला जोडलेली असते आणि दोन अर्थिंगमधील लहानसा फरक सबवूफरमध्ये गुणगुण बनून येतो. सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवणे, सिग्नलच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालणे, सिग्नलची केबल विजेच्या तारांपासून दूर नेणे हे उपाय करता येतात. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे हा उपाय नाही, तो जिवाशी खेळ आहे. जुन्या इमारतीत अर्थिंगच नसेल किंवा क्षीण असेल तर आधी परवानाधारक वायरमनकडून ते तपासून घ्यावे.

हळू आवाजात सबवूफर मध्येच झोपी जातो आणि मोठ्या थापेला दचकून उठतो, अशीही तक्रार येते. तो बिघाड नाही. सिग्नल क्षीण असल्यामुळे स्वयंचलित स्टँडबाय लागतो. बटण कायम चालू वर ठेवावे, किंवा रिसीव्हरकडून जाणारी पातळी वाढवून सबवूफरवरची तेवढीच कमी करावी.

खालच्या मजल्यावरचे लोक

हा भाग तांत्रिक नसला तरी मुंबईत तो टाळता येत नाही. सबवूफरखाली जाड रबराचे पाय किंवा पॅड ठेवल्याने पेटीची थरथर थेट लादीत उतरत नाही, आणि तेवढा फायदा निश्चित होतो, परंतु हवेतून भिंती-स्लॅबपर्यंत पोहोचणारा दाब त्याने अडत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे, पण ती ए-भाराने, म्हणजे कानाला कमी जाणवणारे खालचे सूर कमी धरणाऱ्या मापाने, मोजली जाते आणि त्या मोजणीत ६३ हर्ट्झचा ध्वनी सुमारे २६ डेसिबलने कमी धरला जातो. त्यामुळे फोनवरील मीटर शांत आकडा दाखवत असताना खालच्या घरातील आजारी माणसाच्या उशीत मात्र ठोके पडत असतात. मी एकदा शेजाऱ्यांना विचारून त्यांच्या घरातच उभे राहून ऐकले, आणि कोणत्या आकड्यापर्यंत त्यांना त्रास होत नाही ते अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणावर खूण करून ठेवले. अनुनाद आटोक्यात आल्यावर ती खूण बरीच वर सरकली, कारण त्यांनाही तोच ६५ हर्ट्झ छळत होता. रात्री दहानंतर मी हेडफोन लावतो.

विकत घ्यायचाच असेल तर

खोलीचे आकडे हाती आल्यावर निवड सोपी होते. बंद पेटीचा प्रतिसाद तिच्या मर्यादेखाली सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, पोर्ट असलेल्या पेटीचा २४ डेसिबलने. लहान खोली सर्वांत खालच्या अनुनादाखालील स्वरांना स्वतःहून उचल देते, आणि ही उचल बंद पेटीच्या हळुवार उतरणीला चांगली जुळते, म्हणून संगीतासाठी आणि एवढ्याशा खोलीसाठी माझी पसंती आठ किंवा दहा इंची बंद पेटीला आहे. बास गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर असते, तिथपर्यंत असा सबवूफर सहज पोहोचतो. फेजचे बटण केवळ ० आणि १८० असे दोन टप्प्यांचे न घेता सलग फिरणारे घ्यावे. शंकूभोवतीची कडा रबराची आहे का ते पाहावे, कारण फोमची कडा आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळते. जुन्या बाजारातून घेत असल्यास ती कडा बोटाने हलके दाबून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा अन्यत्र दुकानात ऐकलेला बेस हा त्या दुकानाच्या खोलीचा असतो, म्हणून तिथे केवळ यांत्रिक खडखड आणि बटणे तपासावीत, आणि घरी आठवडाभर ऐकून परत करण्याची मुभा लेखी मागावी.

सर्व काही जुळल्यानंतर सबवूफरच्या चार कोपऱ्यांशी आणि खुर्चीच्या पायांशी लादीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात आणि सबवूफरवरील बटणांचा फोटो काढून ठेवावा. माझ्याकडे तिसऱ्यांदा तक्रार आली ती दिवाळीच्या साफसफाईनंतर. सबवूफर पुसून परत ठेवताना तो कोपऱ्याकडे दोन फूट सरकला होता, आणि पांढरी एकचा खर्ज पुन्हा घुमू लागला होता. खुणांवर परत आणायला दोन मिनिटे लागली.